जगभरचे अडखळणारे

विश्रामबाग, सांगली
३ नोव्हेंबर १९९८

प्रिय कपिल,
सप्रेम जयभीम.

आधी खाली बस. बसलास? आता वाच.

आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलंय. फोनच्या तारेतून कोल्हापूरला जोडणी लावायची, मग मोडेम नावाचा डबा किंचाळतो, खोकतो, घसा खाकरतो आणि एकदम अख्खं जग समोर! माझं काम पोरांना शिकवायचं. पण सकाळचा वर्ग भरायच्या आधी मी त्या डब्यापुढं जाऊन बसते. सरांना अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात तू आमच्याकडं आला होतास, तेव्हा दादाच्या मित्रानं तुझं नाव विचारलं आणि तू पाणी प्यायला आत निघून गेलास. मी म्हटलं, तहान लागली असेल. तर आई म्हणाली, "बाळाबाईच्या पोराला नाव विचारलं की तहान लागतीच." मावसभाऊ माझा, लहानपणापासून एका ताटात जेवलो, आणि हे पाण्याचं मला माहीत नव्हतं. म्हणून परवा त्या डब्याला विचारलं, बोलताना अडखळणाऱ्या माणसांनी काय करावं?

कपिल, त्यांचा एक गट आहे! जगभरची शेकडो माणसं, सगळी तुझ्यासारखी. एकानं पत्र लिहिलं की ते सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडतं. डॉक्टर नाहीत, औषधं विकणारे नाहीत. नुसती एकमेकांशी बोलतात. लिहिताना कोण अडखळतंय? धो धो बोलतात!

मी तुझ्याबद्दल लिहिलं. माझा भाऊ कपिल केरू कांबळे, तीन 'क', आणि त्याला 'क'च म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरांचा ढीग. फिनलंडच्या हेल्मी आजी लिहितात, "मी सगळी नोकरी ग्रंथालयात केली, कारण तिथं बोलायला बंदी होती." ब्राझीलचा मार्सेलो न्हावी आहे. म्हणतो, "माझ्या हातात वस्तरा असतो, त्यामुळं माझं वाक्य कोणी मध्येच तोडत नाही." आणि स्कॉटलंडचा डंकन बस चालवतो. त्यानं एवढंच विचारलंय, "कपिल स्वतः काय म्हणतो?"

तर काय म्हणतोस? तू मराठीत लिही. मी इंग्रजी करून पाठवते, त्यांचं मराठी करून तुला पाठवते.

तुझी,
मायाताई


पाटण
१० नोव्हेंबर १९९८

मायाताई,
जयभीम.

काय म्हणतो? संतापलोय, असं म्हणतो. पाटणमध्ये ज्यांना माहीत होतं तेवढे पुरे नव्हते म्हणून तू फिनलंडपर्यंत बोभाटा केलास. आता ब्राझीलमधला न्हावीसुद्धा माझ्या नावानं हसत असेल. पुन्हा माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस.

पत्र इथंच संपवून पाकीट चिकटवलं होतं. दोन दिवस खिशात ठेवून फिरलो. मग फोडलं.

ताई, त्या आजी खरंच तसं म्हणाल्या? बोलायला बंदी होती म्हणून ग्रंथालय? मी झेरॉक्सच्या दुकानात का काम करतो, ठाऊक आहे? माणूस कागद देतो, मी कागद देतो. चार वर्षांत कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आणि त्यांना हेही सांग, सांगायचंच असेल तर. मला कराडला जायचं असलं की मी 'कराड' मागत नाही. जीभ टाळ्याला चिकटते, मागची माणसं ढोसायला लागतात. म्हणून सांगलीच्या गाडीत बसतो, 'सांगली' म्हणतो आणि कराडला उतरून जातो. कंडक्टर हाका मारतात, "आवं पाव्हणं, सांगली लय लांब हाय अजून!" मी मागं बघत नाही.

आता खरी गोष्ट. आई-आबांना अजून सांगितलेली नाही. मी एसटीच्या कंडक्टरची लेखी परीक्षा दिली आणि पास झालो. हसू नकोस. लहानपणापासून मला ती घंटीची दोरी ओढायचीय. फेब्रुवारीत साताऱ्याला तोंडी आहे. तोंडी, ताई!

विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना मी एकदाही अडखळत नाही. असं का, ते त्यांना विचार.

तुझा,
कपिल


विश्रामबाग, सांगली
२४ नोव्हेंबर १९९८

प्रिय कपिल,
जयभीम.

कंडक्टर! मी वर्गात मोठ्यानं ओरडले. पोरांना वाटलं कॉम्प्युटरनं शॉक दिला.

तुझी सांगली-कराडची गोष्ट पाठवली आणि जग उलटंपालटं झालं. प्रत्येकाची एक सांगली निघाली, बाबा. हेल्मी आजींच्या वहिनीचं नाव 'क्रिस्टिना', ते म्हणता येईना म्हणून त्यांनी भावाला सांगून टाकलं की मी वहिनीला 'राणी' म्हणणार. आज चाळीस वर्षं त्या बाईला वाटतं, नणंद किती प्रेमळ! मार्सेलोला कॉफी म्हणता येत नाही म्हणून तो कायम लिंबाचं सरबत पितो, आणि त्याला लिंबू आवडत नाही. डंकन लिहितो, "कपिलला सांगा, मी त्याच्या गाडीचा ड्रायव्हर व्हायला तयार आहे."

वंदनेचं विचारलंस ना? सगळ्यांचं तसंच आहे. आजी चर्चमध्ये सर्वांबरोबर गातात तेव्हा पाण्यासारख्या वाहतात. सूर लागला, सोबत मिळाली की जीभ अडत नाही म्हणे. त्यांनी तुझ्यासाठी खास लिहिलंय, "आमच्याकडे दुपारी तीनलाच अंधार पडतोय, बर्फ खिडकीपर्यंत आलाय, आणि मी त्या मुलाच्या पत्राची वाट बघत बसले आहे." तुझी पत्रं लाल डब्यातून येतात म्हणून तिथं सगळे तुला 'टपालवाला कपिल' म्हणतात.

आता अभ्यास. डंकन म्हणतो, लपवण्यात सगळी ताकद जाते. म्हणून मुद्दाम अडखळायचं! अनोळखी माणसापुढं जायचं आणि ठरवून, आरामात, हसऱ्या तोंडानं अडखळायचं. घोडा आपणच उधळवला तर तो आपल्या हातात राहतो, असं काहीतरी लिहिलंय. सुरुवात 'क'पासून.

तुझी,
मायाताई


पाटण
१२ डिसेंबर १९९८

ताई,
जयभीम. मी मार खाता खाता वाचलो.

डंकनचं ऐकून मुद्दाम अडखळायला स्टँडवर गेलो. तिथं केळीचा नवा गाडा लागलाय. मनात म्हटलं, केळी! दुसरा 'क' कशाला शोधायचा? गाड्यावर एक धिप्पाड माणूस. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, तोंड हसरं केलं आणि म्हणालो, "के-के-केळी क-क-कशी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. चेहरा लाल झाला. म्हणाला, "द-द-द-दहा..."

मला वाटलं, हा माझी नक्कल करतोय. त्याला वाटलं, मी त्याची करतोय.

"त-त-तू माजी चे-चेष्टा करतूस व्हय रं?"

"म-मी न्हाई! तु-तु-तुमीच करताय!"

"आ-आ-आनि वर त-तोंड करून..." एवढं म्हणून त्यानं केळीचा घडच उचलला. मी मागं सरकलो. माणसं जमली. ढेबेवाडीच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. आम्ही दोघं समोरासमोर, दोघांचीही तोंडं उघडी, दोघांचाही शब्द बाहेर येईना! आणि ताई, जितका राग जास्त तितका शब्द आत. भांडण पुढं सरकेचना. शेवटी गाड्यामागून त्याची बायको हरणाबाई ओरडली, "आवं, त्यो बी तुमच्यावानीच हाय! घड ठेवा खाली!"

त्यानं घड खाली ठेवला. मला म्हणाला, "ख-खरंच?" मी मान हलवली. मग तो असा हसायला लागला की गाडा हलला. मीही. पोट धरून. त्याचं नाव गुंडा. चाळिशीचा आहे, आणि आजवर दुसरा अडखळणारा माणूस त्यानं बघितला नव्हता. मला फुकट केळी खाऊ घातली. मी फिनलंडच्या आजींचं सगळं सांगितलं, तर विचारतो, "ति-तितं केळी पिकत्यात का?" तेवढं विचारून सांग.

दुसरं म्हणजे, त्या गर्दीत ओरडताना मला भीती वाटली नाही. घरी आल्यावर लक्षात आलं. आबांना कंडक्टरचं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "तू?"

तुझा,
कपिल


विश्रामबाग, सांगली
२० जानेवारी १९९९

प्रिय कपिल,
जयभीम.

घाईत आहे, म्हणून थोडक्यात. गुंडाभाऊंची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. डंकन म्हणतो, तोंडी परीक्षेत घाबरू नकोस, आणि बाळाबाईंना नमस्कार सांग. हेल्मी आजी म्हणतात, "पोरा, लय भारी केलंस. इकडं ऊन चांगलं पडलंय, अंगणात सांडग्यांचं वाळवण घातलंय. जिवाला जप." मार्सेलो बरा आहे.

तयारी कर. सगळे तुझ्या पाठीशी आहेत.

तुझी,
मायाताई


पाटण
२८ जानेवारी १९९९

ताई,
जयभीम.

फिनलंडात जानेवारीत सांडगे?

मी ते पत्र गुंडाला वाचून दाखवलं. तोही म्हणाला, "ब-बर्फात वा-वाळवण?" आणि डंकनला माझ्या आईचं नाव कुणी सांगितलं? मी तर कधी लिहिलं नव्हतं. 'लय भारी' म्हणणारी आजी तर मला फिनलंडची नाही, तासगावची वाटते.

आम्ही खूप हसलो. पण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. ताई, ही माणसं गेली का? मी कंटाळवाणा वाटलो का त्यांना? तसं असेल तर सरळ सांग. तोंडी परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून तू मला गोड बोलून सांभाळते आहेस, हे कळतंय. पण न बोलणाऱ्याला न बोललेलं लवकर कळतं. खरं काय आहे?

कपिल


विश्रामबाग, सांगली
८ फेब्रुवारी १९९९

प्रिय कपिल,
जयभीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आणि आज एवढी नाचते आहे की आई म्हणते, हिला भुतानं झपाटलं.

झालं असं. नवीन वर्षात सरांना कळलं. ॲडमिशनसाठी लोक फोन करायचे तर आमचा फोन सकाळभर एंगेज. सरांनी मोडेम उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. तुझी परीक्षा जवळ आलेली. मला वाटलं, आता सगळे गप्प झाले तर हा खचेल. म्हणून मीच हेल्मी झाले, मीच डंकन. सांडगे कुठून सुचले कुणास ठाऊक. आमच्या अंगणात तेव्हा तेच होते.

पण ऐक! काल दुपारी वर्गाच्या दारात एक मुलगी उभी. नर्सिंगच्या पांढऱ्या साडीत, घामाघूम. मी म्हटलं, "ॲडमिशन?" तिनं मान हलवली, नाही. तोंड उघडलं. काही आवाज नाही. डोळे मिटले. मागं पोरं फिदीफिदी हसायला लागली, मी त्यांना बाहेर काढलं. मी वाट बघत राहिले, कपिल. तिचं वाक्य मी पूर्ण केलं नाही, एवढं तुमच्या गटानं मला शिकवलंय. आणि ती म्हणाली,

"ट-ट-टपालवाला कपिल जि-जिवंत आहे का?"

मी खुर्चीत बसलेच!

ही स्वप्नाली गडदे. आटपाडीकडची, घरची मेंढरं. मिरजेला एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकते. तिथल्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर ती वर्षभर त्या गटातली सगळी पत्रं वाचत होती, पण स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. लिहायलाही लाजायची! जानेवारीत तुझं पत्र आलं नाही, तर तिकडं हाहाकार. आजी रोज विचारायच्या, "त्या मुलाचं काय झालं? भारतात सांगलीजवळ कोणी आहे का?" आणि ही चार मैलांवर बसून वाचतेय. शेवटी तिनं आयुष्यातली पहिली ओळ लिहिली, "मी आहे. जाऊन बघते." कॉम्प्युटर क्लास, विश्रामबाग, एवढ्यावर ती दारोदार विचारत आली. अनोळखी माणसांना. अडखळत. पाच ठिकाणी!

म्हणाली, "लहानपणी मी मेंढरांशी दिवसभर बोलायची. त्यांच्यापुढं क-कधी अडखळले नाही. माणसांपुढं आपणहून बोलायचं, हे प-पहिल्यांदा." मग आम्ही दोघी रडलो आणि मग भेळ खायला गेलो.

सोबत खरी पत्रं. तिनं छापून आणलीत, मी मराठी केलंय. गठ्ठा बघ केवढा. कंटाळवाणा म्हणे! इथून पुढं तुझी पत्रं मिरजेहून जातील.

तुझी (एकटीच, आजी नव्हे),
मायाताई


पाटण
२१ फेब्रुवारी १९९९

ताई,
जयभीम. गठ्ठा उशाशी घेऊन झोपलो. मार्सेलोनं माझ्यासाठी मेणबत्ती लावली होती!

परवा साताऱ्याला तोंडी झाली. आबा सोबत आले. बाहेर बाकावर बसले. माझ्या आधी आत जाणारे धडाधड बाहेर येत होते. माझा नंबर आला. टेबलापलीकडं तीन साहेब. मधले म्हणाले, "नाव?"

पाणी समोर होतं. मी पाण्याकडं बघितलं. मग डंकननं त्या गठ्ठ्यात लिहिलं होतं तेच केलं. म्हणालो, "साहेब, मी बो-बोलताना अडखळतो. थोडा वे-वेळ लागेल. पण सांगेन." आणि सांगितलं. क-क-कपिल. के-केरू. कां-कां-कांबळे. पंखा फिरत होता, एका साहेबानं घड्याळ बघितलं, मी थांबलो नाही. तिन्ही 'क' टेबलावर नेऊन ठेवले.

मधले साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, "अहो, तुम्हाला गाडीत थांबे पुकारायचेत. कोयनानगर आलं तर कसं करणार?"

ताई, मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं, "सा-साहेब, मैलभर आधीच सुरुवात करीन."

मग कडेचे साहेब असे फुटले की त्यांच्या हातातले कागद खाली गेले. तिघंही हसत होते. आणि मीही हसत होतो, त्यांच्याबरोबर. नंतर तिकिटांचे हिशेब विचारले, ते सगळे बरोबर आले. निघताना मधले म्हणाले, "कांबळे, प्रवाशांपुढंही असेच हसत राहाल का?" मी म्हणालो, "व्हय!"

बाहेर आलो तर आबा उभे. दार अर्धवट उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. आणि समोरच्या हॉटेलात जाऊन दोन प्लेट कांदाभजी मागवली. आबा बाहेरचं खात नाहीत, तुला माहीत आहे.

तुझा,
कपिल


पाटण
४ मे १९९९

ताई,
ऑर्डर आली! आई सगळ्या आळीत पेढे वाटून आली. पंधरा दिवसांत गाडीवर.

तू आणि स्वप्नालीनं सांगलीत आपल्यासारख्यांची बैठक ठरवलीत, पेपरात दोन ओळी दिल्यात, हे वाचून मी उड्या मारल्या. पण जूनमधल्या त्या रविवारी मी ड्यूटीवर असणार. नवीन माणसाला रजा कशी मागू? माझ्या जागी गुंडा येतोय. केळी घेऊन. सगळं सगळं लिहून कळव, काही गाळू नकोस.

कपिल


विश्रामबाग, सांगली
१४ जून १९९९

प्रिय कपिल,
जयभीम.

काल बैठक झाली. गाळत नाही, सगळं सांगते.

शाळेचा एक वर्ग मागून घेतला होता. स्वप्नाली सकाळपासून म्हणत होती, "को-कोणी येणार नाही." गुंडाभाऊ म्हणाले, "मी आ-आलोय की." मग एकेक करत वर्ग निम्मा भरला. एक वकील आले, ज्यांनी कधी कोर्टात तोंड उघडलं नाही, नुसते कागद करतात. कुपवाडच्या कारखान्यातला एक मेकॅनिक. दोन कॉलेजची पोरं. सगळे खाली मान घालून बसलेले. स्वप्नाली पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "इथं एकच नि-नियम. कोणी कोणाचा शब्द पूर्ण क-करायचा नाही."

नावं सांगण्यातच तास गेला. पण कसला तास! वकील स्वतःच्या नावावर अडले, तर मेकॅनिक म्हणाला, "सा-सावकाश, वकीलसाहेब, ता-तारीख पुढची घेऊ." इतके हसलो की शाळेचा शिपाई बघायला आला.

शेवटच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. कवठ्याकडून आलेलं, धोतर-पटका, नऊवारी. मला वाटलं, ते आजोबाच आपल्यातले असणार. तर ते उठले आणि घडाघडा म्हणाले, "ही माजी मालकीण. नाव..."

"थ-थ-थांबा!" अख्खा वर्ग एकदम ओरडला. गुंडाभाऊ तर बाकावर उभे.

आजोबा दचकून खाली बसले. म्हणाले, "आवं, लगीन झाल्यापासून मीच सांगत आलोय. तिला जमत न्हाई."

आजीनं पदर सावरला. तोंड उघडलं. आवाज नाही. आजोबांचे ओठ हलायला लागले, त्यांनी स्वतःच हात तोंडावर धरला. आजीच्या कपाळावर घाम. सा... सा... सा... आम्ही कोणी घड्याळ बघितलं नाही, कोणी मदतीला धावलं नाही. सगळे नुसते तिच्याबरोबर थांबलो.

"साळूबाई," ती म्हणाली.

कपिल, मी लग्नात एवढ्या टाळ्या ऐकल्या नाहीत. आणि मग ती थांबलीच नाही! माहेर सांगितलं, बहिणी सांगितल्या, शेळ्यांची नावं सांगितली. अडायची, थांबायची, हसायची, परत सुरू. आजोबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते, जसं काही कोणी नवीनच पाहुणी घरी आली होती. मध्येच त्यांनी मला विचारलं, "हिला गानं बी म्हणायचं होतं व्हय वं?" कारण आजी म्हणाली होती की तिला गायला आवडायचं.

ऊन उतरलं तेव्हा ते घाईघाईनं उठले. "चल, चल, कवठ्याची गाडी जाईल."

साळूबाईंनी हात हलवला. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं.

"जा-जाऊ द्या की ती गाडी," ती म्हणाली. "दु-दुसरी येतीया."

आणि आजोबा पटका काढून मांडीवर ठेवून परत खाली बसले.

तुझी,
मायाताई